कर्जावर कमावलं, कर्जाविरुद्धच बोलला!

समजा, सरकारने उद्या तुमच्या बाबांचा इन्कम टॅक्स कमी केला. पण स्वतःचा खर्च तेवढाच ठेवून तूट कर्जातून भरली. घरात उरलेले पैसे नव्या मोबाइलवर जातील की बँकेत? दोनशे वर्षांपूर्वी डेव्हिड रिकार्डो याच प्रश्नाशी झटत होता.

रिकार्डोचा जन्म लंडनचा, १७७२ मधला. कुटुंब ज्यू, वडील शेअर दलाल. आपण नववीत असतो त्या वयात, चौदाव्या वर्षी, तो त्यांच्या धंद्यात शिरला. एकविसाव्या वर्षी क्वेकर पंथातल्या प्रिसिलाशी लग्न केलं आणि घरच्यांनी संबंधच तोडले. मग पठ्ठ्याने स्वतःचा धंदा उभारला. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, ब्रिटिश सरकार कर्जावर कर्ज काढत होतं आणि रिकार्डो ते रोखे घेऊन विकत होता. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईआधी त्याने असंच मोठं कर्ज उचललं. त्याचा मित्र माल्थस (हो, तोच लोकसंख्यावाला!) घाबरून आपला हिस्सा आधीच विकून मोकळा झाला. रिकार्डो थांबला आणि मालामाल झाला.

१८२० मध्ये त्याने एक हिशेब मांडला. युद्धाचा खर्च २ कोटी पौंड. तो आत्ताच करातून वसूल करा, किंवा ५ टक्क्यांनी कर्ज काढून व्याजापोटी दरवर्षी १० लाखांचा कर कायम घेत राहा. कागदावर दोन्ही सारखंच! म्हणजे आजचं सरकारी कर्ज हा उद्याचा कर. हे ओळखणारा माणूस आजच तेवढी बचत वाढवेल.

पण माणसं असं वागतात का? रिकार्डोला तसं वाटत नव्हतं. कर्ज काढलं की लोक फक्त व्याजापुरता विचार करतात, स्वतःला आहेत त्यापेक्षा श्रीमंत समजतात आणि बचत कमी करतात, असं त्याचं मत. म्हणून युद्धाचा खर्च करातूनच भागवावा, असं तो म्हणायचा. गंमत म्हणजे, १९७४ मध्ये रॉबर्ट बॅरो यांनी मुलांचा विचार करणारे आईबाप बचत वाढवतील असं मांडलं आणि पुढे त्या सिद्धांताला नाव मिळालं रिकार्डोचं!

१८१९ मध्ये तो खासदार झाला. मालमत्तेवर एकदाच कर लावून देशाचं कर्ज फेडून टाका, ही त्याची मागणी. तोवर तो स्वतः बडा जमीनदार होता, म्हणजे झळ त्यालाही बसली असती. संसदेने ऐकलं नाही. १८२३ मध्ये कानाच्या संसर्गाने तो गेला, अवघ्या ५१व्या वर्षी.

पुढच्या बजेटला करसवलत जाहीर झाली की टाळ्या जरूर वाजवा. पण सरकार तो खड्डा कशाने भरणार, तेही बघा. कर्जाने भरणार असेल, तर ते फेडणाऱ्यांत तुम्हीही असाल.