डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परत न आलेला वैद्य

ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र सादर करावे, अशी प्रथा आहे. त्यासाठी बहुधा ज्ञातीतीलच नाव निवडले जाते. यंदा आम्ही ती मर्यादा ओलांडीत आहो, याबद्दल ज्ञातीबंधूंनी आम्हांस क्षमा करावी. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे आपल्या ज्ञातीचे नव्हते, पालघर-तारापूरकडचेही नव्हते, ते सोलापूरचे. परंतु आपल्या भागातील मुलेमुली आज वैद्यकी शिकण्यासाठी परदेशी जाऊ लागली आहेत आणि ती परत केव्हा येतील, येतील की नाही, या काळजीत अनेक घरे दिवस मोजीत आहेत. अशा वेळी एका वर्षाची मुदत ठरवून गेलेल्या आणि कधीच न परतलेल्या या तरुणाची आठवण आम्हांस प्रकर्षाने झाली.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कुटुंब मध्यम स्थितीतले, भावंडे पुष्कळ. मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण पूर्ण करून ते पुढील परीक्षेच्या तयारीत होते. अशा मुलाकडे घरचे लोक कोणत्या आशेने पाहतात, हे वाचकांना सांगावयास नको.

जपानने १९३७ च्या जुलैत चीनवर उघड आक्रमण केले. चीनच्या आठव्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. पुढील वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषबाबू यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला. जो देश स्वतःच पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला वैद्य पाठवावेत, ही गोष्ट आम्हांस आजही सामान्य वाटत नाही. पथकात पाच जण होते : अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू, डॉ. मुकर्जी आणि कोटणीस. चोळकरांचे नाव महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे, म्हणून येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून बोट सुटली. पथक कँटनला उतरले व तेथून वूहानला गेले. पण ऑक्टोबर संपण्यापूर्वीच वूहान जपान्यांच्या हाती पडले आणि पथकाला माघारी सरत सरत चुंगकिंग गाठावे लागले. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. चीनमध्ये पाऊल टाकून थोडे महिने होतात न होतात तोच कोटणीसांना घरून वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परत जाण्यास कोणी नाव ठेवले नसते. उलट आपल्याकडे अशा प्रसंगी मुलाने घरी जाऊन घर सावरावे, हाच धर्म मानला जातो. कोटणीसांनी मात्र घेतलेले काम पुरे करण्याचे ठरविले. त्यांचे हे करणे बरोबर होते की चूक, याचा निवाडा आम्ही करीत नाही. त्यांच्या मातोश्रींच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की तो करवतही नाही.

वर्षाची मुदत संपली. चोळकर आणि मुकर्जी परतले, पुढे प्रकृतीमुळे अटलही परतले. उरले बसू आणि कोटणीस. ते दोघे १९४० मध्ये शत्रूच्या फळीमागील डोंगराळ मुलखात गेले, आणि बसू येनानला माघारी गेल्यावर कोटणीस तेथे एकटेच भारतीय राहिले.

हा मुलूख कसा होता, हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. शहरे, लोहमार्ग आणि मोठे रस्ते जपान्यांच्या ताब्यात. मधली खेडी आणि डोंगर चिनी सैन्याकडे. जागोजागी जपान्यांच्या चौक्या. औषधे मिळण्याची वाट जवळपास बंद. अशा ठिकाणी इस्पितळ म्हणजे एक इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्ण विभागून ठेवायचे, शत्रू जवळ आला की त्यांना उचलून दुसऱ्या दरीत न्यायचे, आणि सामान खेचरांच्या पाठीवर लादायचे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी ही पद्धत तेथे रुजविली होती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. १९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी बहात्तर तास सलग, डोळ्याला डोळा न लावता, शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. त्या लढाईत त्यांनी उपचार केलेल्या जखमींची संख्या आठशेच्या वर होती. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. ते तेथील विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि शिकवीत तेही चिनी भाषेत. भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की ती वाचू-लिहूही लागले. आपल्या चिनी नावाच्या शेवटी त्यांनी चीनचा वाचक असा 'ह्वा' हा शब्द जोडून घेतला.

१९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचारिका-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ज्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वधूवरांची यादी छापली जाते, तीत हे वाक्य लिहिताना आम्हांस क्षणभर थांबावे लागले, हे कबूल करतो. पण चरित्र लिहायचे तर पुरे लिहावे. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन्ह्वा' ठेवले; त्यातील एक अक्षर भारताचे व दुसरे चीनचे.

तो ऑगस्ट आपणां पालघरकरांच्याही कायमचा स्मरणात राहणारा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड व पालघर येथील पाच जण हुतात्मे झाले. इकडे आपली माणसे परकी सत्ता हटविण्यासाठी पडत होती, तिकडे याच देशाचा एक वैद्य दुसऱ्या देशावरील परकी सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांच्या जखमा शिवीत होता.

त्याच वर्षीच्या जुलैत कोटणीस साम्यवादी पक्षात गेले. तो मार्ग आमचा नव्हे, पण ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शरीर मात्र झिजत चालले होते. त्यांना अपस्माराचे झटके येत. विश्रांतीसाठी मागे जावे, असे त्यांना सुचविण्यात येई. ते काम सोडीत नसत आणि शल्यचिकित्सेवरचे पाठ्यपुस्तक लिहीत बसत. ते पुस्तक पुरे झाले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपेई प्रांतातील गकुंग या गावी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना मृत्यू आला. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पाचांपैकी चौघे घरी आले.

१९४५ मध्ये जपान शरण आला आणि तो मुलूख मोकळा झाला. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर चित्रपट काढला, स्वतः त्यांची भूमिका केली, आणि हे नाव घरोघरी पोहोचले. १९६२ च्या युद्धानंतर चीनचे नाव काढणेच आपल्याकडे अवघड झाले. त्या कटुतेला कारणे होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या कटुतेचा भार वीस वर्षांपूर्वी मेलेल्या एका वैद्यावर पडावा, हे आम्हांस कधीच पटले नाही.

यिन्ह्वाही वैद्यकी शिकत होता. १९६७ मध्ये ऐन तारुण्यात तो वारला. ग्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, आपल्या सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरातील कोटणीसांच्या घरी आता त्यांचे स्मारक आहे. त्यांचा देह शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात, बेथ्यून यांच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर आहे. वसंतातील पितृस्मरणाच्या दिवशी तेथील लोक त्यावर फुले वाहतात.