समुद्राची कैवारी : रेचल कार्सन

मैत्रिणींनो, आपल्या देवळी-पुलगाव भागातल्या कितीतरी जणींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. आठवडी बाजारात सुकट-बोंबील येतात, तेवढीच काय ती आपली आणि समुद्राची ओळख. मग समुद्र वाचवायचा विचार आपण कशाला करायचा, असं कुणालाही वाटेल. पण गंमत बघा, ज्या बाईने साऱ्या जगाला समुद्राची काळजी करायला शिकवलं, तिनेसुद्धा वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिचं नाव रेचल कार्सन.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच. आई मारिया ही लग्नाआधी शिक्षिका होती. लेकीला घेऊन ती शेताशिवारात फिरायची, पक्षी नि फुलं ओळखायला शिकवायची. रेचलला लिहायची भारी आवड. अकराव्या वर्षीच तिची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पुढे कॉलेजची फी भरण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, घरातली चांगली भांडीही विकली. तिथे रेचलने साहित्य सोडून जीवशास्त्र घेतलं. आता लिखाण सुटलं, असं तिला वाटलं होतं. झालं मात्र उलटंच. त्या शास्त्रानेच तिला लिहायला विषय दिला.

१९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत ती गेली आणि समुद्राचीच होऊन गेली. १९३२ मध्ये तिने प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली. १९३५ मध्ये वडील वारले नि घराचा भार तिच्यावर आला. सरकारी मत्स्य खात्यासाठी ती रेडिओवरचे छोटे कार्यक्रम लिहू लागली. १९३६ मध्ये खात्याच्या परीक्षेत अव्वल येऊन तिने नोकरी मिळवली. त्या काळी अशा जागेवर बाई म्हणजे नवलच होतं. १९३७ मध्ये बहीण गेली. तिच्या दोन पोरक्या मुलींना रेचलने नि आईने वाढवलं. दिवसभर ऑफिस आणि रात्री लिखाण, असा तिचा दिनक्रम होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मटणाचं रेशनिंग झालं, तेव्हा रेचलने खास गृहिणींसाठी मासळीवर पुस्तिका लिहिल्या. सगळ्यांनी ठरावीक दोन-चार जातींचेच मासे खाल्ले तर ते संपतील. म्हणून कमी माहितीचे मासेही ताटात येऊ द्या, असा त्यांचा मथितार्थ. टिकाऊ मासेमारी हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण तो विचार तिने थेट स्वयंपाकघरात नेला.

१९५१ मध्ये तिचं ‘द सी अराऊंड अस’ हे पुस्तक आलं. समुद्राचं शास्त्र तिने असं सोपं करून सांगितलं, की पुस्तक ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिलं. हाती पैसा आल्यावर १९५२ मध्ये तिने नोकरी सोडली. पुढे भाचीही वारली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मुलाला रेचलने १९५७ मध्ये दत्तक घेतलं. ती पन्नाशीला आली होती, बरं का!

याच सुमारास डीडीटीची विमानातून फवारणी जोरात होती. कॅनडात जंगलातल्या अळ्या मारायला १९५४ मध्ये मिरामिशी नदीच्या खोऱ्यात डीडीटी फवारलं गेलं आणि नदीतली सामन माशांची पिल्लं मेली. हा मासा नदीत जन्मतो आणि समुद्रात वाढतो. म्हणजे फवारा रानात पडला, पण नुकसान समुद्राचंही झालं. असे पुरावे गोळा करून तिने १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिलं. औषधं पूर्ण बंद करा, असं तिचं म्हणणं नव्हतं. न समजता, बेसुमार वापरू नका, एवढंच तिचं सांगणं.

रसायन कंपन्या खवळल्या. बाईमाणूस, त्यातून बिनलग्नाची, तिला काय कळतं, इथपर्यंत टीका गेली. तेव्हा रेचल स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होती. विरोधक आजाराचंही भांडवल करतील म्हणून तिने तो लपवला. १९६३ मध्ये ती सिनेटच्या समितीपुढे शांतपणे साक्ष देऊन आली. १४ एप्रिल १९६४ रोजी, अवघ्या ५६ व्या वर्षी ती गेली. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला, तो पाहायला ती नव्हती.

आता आपलं बघू. वर्धा नदी पुढे वैनगंगेला मिळते, तिथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. आपल्या कपाशीवरचा फवारा पावसाने नाल्यात उतरला, की त्याचा प्रवास सुरू होतो. आणि समुद्राचं राहू द्या, २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. रेचलचा इशारा आपल्या बांधापर्यंत आला आहे.

कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या लोटत नाहीत, कारण पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालतात. जाळ्यात कासव किंवा देवमासा सापडला, तर जाळं कापून तो सोडणाऱ्या कोळ्याला राज्य शासन २०१८ पासून नुकसानभरपाई देतं. आपल्यालाही थोडं करता येईल. पंप नि डबे नाल्यात धुऊ देऊ नका. औषधाचा रिकामा डबा घरात वापरू नका. बाजारात बोटाएवढी पिल्लं आली, तर घेऊ नका. ढीवर बाईला विचारा, मासा कुठल्या तळ्याचा, केव्हाचा. घरचा पैसा खर्च करणारी बाई विचारू लागली, की विकणाराही विचार करतो. रेचलने पुस्तिका गृहिणींसाठी लिहिल्या, त्या उगाच नव्हेत.