सुब्रतो करंडकामागचा माणूस

अमरावती-अकोल्याच्या शाळांतून शिकलेल्यांना ‘सुब्रतो’ हे नाव फुटबॉलमुळे ठाऊक असते. जिल्हास्तर, विभागस्तर, मग दिल्ली. पण हे सुब्रतो कोण, ते फारसे कुणी विचारत नाही. विमानाची घरघर ऐकली की हातातले काम टाकून गच्चीवर धावणारी वर्गमैत्रीण म्हणून तुम्ही मला ओळखता. तेव्हा स्मरणिकेसाठी त्यांच्यावरच लिहायचे ठरवले.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. लष्करी विमाने हिंदी माणसाला पेलतील का, याबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांना शंका असण्याचा तो काळ. १९३० मध्ये इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात पहिले सहा हिंदी तरुण गेले, त्यांत ते होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. जवळ काय होते? कापड ताणलेली, दुहेरी पंखांची चार वापिटी विमाने, मूठभर अधिकारी आणि १९ हवाई शिपाई.

१९३९ मध्ये त्याच स्क्वॉड्रनची सूत्रे मुखर्जींकडे आली. पुढच्या वर्षी वायव्य सरहद्दीवर वेढ्यात सापडलेल्या एका लष्करी चौकीचा दारूगोळा संपला. त्यांनी व त्यांच्या तोफचीने विमानातल्या बंदुकीची काडतुसे काढली, पायमोज्यांत भरली आणि अगदी खालून उडत चौकीवर टाकली. १९४३ मध्ये कोहाटचा तळ त्यांच्या हाती आला. तुकडी, स्क्वॉड्रन, तळ आणि शेवटी संपूर्ण दल, या चारही पायऱ्यांवर नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय.

१ एप्रिल १९५४ रोजी ते हवाई दलाचे प्रमुख झाले. पहिल्या स्क्वॉड्रनला त्या दिवशी बरोबर २१ वर्षे झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत हंटर, कॅनबेरा, मिस्टीयर, नॅट ही जेट विमाने आली. नवे यंत्र आले की वैमानिकांइतकेच तंत्रज्ञ, सुटे भाग आणि कार्यशाळाही उभ्या कराव्या लागतात. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

त्यांच्या पत्नी शारदाताई मराठी, माहेरच्या पंडित. त्या पुढे दोनदा रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि आंध्र व गुजरातच्या राज्यपालही झाल्या.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत मित्रासोबत जेवताना श्वासनलिकेत घास अडकून मुखर्जींचा मृत्यू झाला. युद्धातून सुखरूप परतलेला माणूस असा गेला. वय ४९. दिल्लीत अंत्यसंस्काराच्या वेळी आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक, अशी ४९ विमाने आकाशातून गेली. आपली बॅच आता त्याच वयाकडे निघाली आहे, म्हणून हा आकडा वाचून जरा थांबायला होते.

शाळकरी खेळाडूंसाठी देशपातळीवर फुटबॉल स्पर्धा व्हावी, ही कल्पना त्यांचीच. ती १९६० मध्ये सुरू झाली आणि हवाई दल आजही ती भरवते. आपण शाळेत होतो तेव्हा मुलींना लढाऊ विमान चालवता येत नव्हते. तो मार्ग २०१६ मध्ये खुला झाला. सुब्रतो करंडकात आता मुलींचेही संघ असतात. गुरुजनांना एकच विनंती: सामन्याआधी मुलामुलींना हे नाव कुणाचे आहे, तेवढे जरूर सांगा.