ब्रेकला चामडं लावून घेणारी बर्था बेंझ

ढोकी : ऊस भरलेला ट्रॅक्टर असो की घरची मोटारसायकल, उतारावर गाडी थांबते ती ब्रेकच्या लायनरमुळे. लायनर झिजला की गॅरेजवाला नवा बसवून देतो. ही सोय मोटारीला पहिल्यांदा करून घेतली ती एका बाईने, तीही भर प्रवासात.

बर्था रिंगर यांचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. कार्ल बेंझ या इंजिनिअरशी त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा कार्लचं वर्कशॉप अडचणीत होतं. बर्थाने हुंड्याची रक्कम लग्नाआधीच घेतली आणि त्या धंद्यात घातली. 1872 ला लग्न झालं. पुढे 29 जानेवारी 1886 रोजी कार्लने तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पैसा बर्थाचाही होता, पण पेटंटवर बर्थाचं नाव लागलं नाही.

गाडी झाली, पण घेणार कोण? बिनघोड्याच्या गाडीवर लोकांचा भरवसाच नव्हता. गाडी लांबचा पल्ला गाठते हे दाखवल्याशिवाय धंदा चालणार नाही, हे बर्थाने ओळखलं. ऑगस्ट 1888 मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, त्या ऑयगन आणि रिशार्ड या दोन पोरांना घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे ढोकीहून धाराशिवमार्गे सोलापूर गाठण्यापेक्षाही थोडं जास्तच.

वाटेत पेट्रोल पंप कुठला! इंधन संपत आलं तेव्हा वीस्लोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. नळीत कचरा अडकला, तो टोपीच्या पिनेने काढला. साखळीचं काम लोहाराकडून करून घेतलं. चढ आला की पोरं उतरून गाडी ढकलायची.

खरी धास्ती उताराची होती. ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे. घासून घासून ते झिजले आणि गाडी आवरेना. बर्था घाबरून मागे फिरल्या नाहीत. बाउश्लॉट गावात बूट शिवणाऱ्या कारागिराकडे गेल्या आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामड्याची पकड चांगली. शिवाय झिजलं तर चामडंच झिजणार, ते बदललं की काम भागलं, ठोकळा शाबूत! आजचा लायनर याच तत्त्वावर चालतो.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर कार्लला तार गेली. काही दिवसांनी त्याच गाडीने मायलेकरं परतली. काय मोडलं, कुठे अडलं, ते सगळं कार्लच्या कानावर घातलं. मग चढासाठी आणखी एक गिअर गाडीला आला. या प्रवासाची चर्चा गावोगाव झाली आणि लोकांना गाडीचा भरवसा वाटू लागला.

कार्ल 1929 ला वारले. बर्था 95 वर्षं जगल्या. 5 मे 1944 रोजी लाडेनबुर्ग इथे त्यांचं निधन झालं. आज त्या प्रवासाच्या वाटेला त्यांचंच नाव आहे.

ड्रॉइंगच्या कागदावर न दिसलेली खोट रस्त्यावर दिसली. ती ओळखली गाडी वापरणाऱ्या बाईने आणि दुरुस्त केली एका खेड्यातल्या कारागिराने. येडशीच्या घाटात ब्रेक दाबताना एवढं ध्यानात असावं. आणि हो, लायनर झिजला असेल तर वेळेत बदलून घ्यावा.