नांगर विकता विकता मासिक काढणारे ‘शंवाकि’ कोण होते?

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर ताकारीच्या पुढे किर्लोस्करवाडी स्थानक लागते. पंपांच्या कारखान्याचे गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मराठीतले एक गाजलेले मासिकही याच कारखान्यातून निघाले. ते काढणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’, तिथे जाहिरात आणि विक्रीचे काम पाहत होते.

शंकररावांचा जन्म 1891 चा, सोलापूरचा. ओढा चित्रकलेकडे. त्यासाठी ते थेट लाहोरला गेले आणि पंडित सातवळेकरांकडे शिकले. इकडे काका लक्ष्मणरावांनी बेळगावातून बस्तान हलवून 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला होता. जागा दिली औंधच्या पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात येते, किर्लोस्करवाडी सांगलीत. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. पुतण्या चित्रकार व्हायचा तो या कारखान्यात आला.

अडचण नेमकी काय होती?

नांगर चांगला होता, पण खपत नव्हता. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर विकायलाच दोन वर्षे गेली. म्हणजे यंत्र विकायचे तर आधी समजुतीशी भांडायला हवे. शंकररावांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ इथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याची माहिती देणारे छोटेखानी पत्रक होते. हळूहळू त्यात उद्योग, आरोग्य, प्रवास, कथा, व्यंगचित्रे असे सगळे येऊ लागले. चित्रे शंकरराव स्वतः काढत. त्यांचा ‘टाकाच्या फेकी’ हा व्यंगचित्रसंग्रह प्रसिद्ध आहे. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी ‘खबर’ या परभाषेतल्या शब्दाला हरकत घेतली आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले.

वाद ओढवून घेतला का?

घेतला, आणि जाणूनबुजून. 1930 च्या दशकात सावरकरांचे यंत्र, विज्ञान आणि पोथीनिष्ठा यांवरचे लेख ‘किर्लोस्कर’ने छापले. धर्माच्या नावाखालच्या रूढींवर थेट बोट ठेवणारे हे लेखन अनेक वाचकांना झोंबले. मासिकाच्या नावातच कारखान्याचे नाव होते, हे विसरू नये. वाचक दुखावला म्हणजे नांगराचे गिऱ्हाईकही दुखावण्याची भीती. सावध विक्री अधिकारी अशा वाटेला गेला नसता. शंकररावांनी मात्र माघार घेतली नाही.

1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ ही मासिके निघाली. बायकांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, मिळकतीबद्दल उघड चर्चा ‘स्त्री’त होऊ लागली. रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावरून ही तिन्ही मासिके महाराष्ट्रभर जात.

त्यांनी कथा-कादंबऱ्यांपेक्षा धंद्यावर अधिक लिहिले. ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ हे त्यांतले एक पुस्तक. मराठी तरुणाने नोकरीच्या मागे न लागता काहीतरी बनवावे आणि विकावे, हा त्यांचा कायमचा धोशा.

‘शांवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र 1974 मध्ये आले. 1 जानेवारी 1975 रोजी त्यांचे निधन झाले. कुंडल रोड या जुन्या स्थानकाला किर्लोस्करवाडी हे नाव त्यांच्या हयातीतच मिळाले होते.