नवशिक्यांची भाषा घडवणारे केमेनी

संगणकाला काय करायचे ते त्याच्या भाषेत सांगावे लागते. ही भाषा कोणालाही जमेल इतकी सोपी करण्याचा ध्यास जॉन केमेनी यांनी घेतला.

केमेनी यांचा जन्म १९२६ साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंवरचे संकट ओळखून १९४० मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. घरी हंगेरियन आणि शाळेत इंग्रजी! दोन भाषांची ही कसरत तुम्हाला चांगलीच ठाऊक आहे. पुढे प्रिन्स्टन येथे संशोधन करताना ते गणिताच्या कामात आइन्स्टाइन यांचे मदतनीस होते.

नंतर ते डार्टमथ कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळी संगणकाला सूचना देणे मोठे जिकिरीचे काम होते. कार्डांना छिद्रे पाडायची, ती कार्डे द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. एक छोटी चूक झाली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! फोरट्रान नावाची भाषा होती. पण तिचे नियम किचकट होते. डार्टमथचे बहुतेक विद्यार्थी तर विज्ञानाचे नव्हते. उद्या हेच तरुण कारखाने आणि सरकारी कचेऱ्या चालवणार. त्यांना संगणक कळायला नको का?

म्हणून केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही नवी भाषा तयार केली. या नावातले पहिले अक्षर नवशिक्यासाठीच आहे. तिच्यात मोजक्याच आज्ञा होत्या. लिहायचे असेल तर 'प्रिंट', संपवायचे असेल तर 'एंड'. प्रत्येक ओळीला क्रमांक असे. काम सुरू करताना 'हॅलो' म्हणायचे आणि उठताना 'गुडबाय'! एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, अशी व्यवस्थाही त्यांनी केली. या कामात कॉलेजातील विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास केमेनी आणि एक विद्यार्थी यांनी दोन यंत्रांवरून एकदमच काम दिले. दोघांनाही बरोबर उत्तरे मिळाली.

ही भाषा त्यांनी सर्वांना मोफत वापरू दिली. पुढे घरगुती संगणक आले, तेव्हा लाखो मुलांनी पहिले धडे बेसिकमध्येच गिरवले. या भाषेने मुलांना वाईट सवयी लागतात, अशी टीका काही विद्वानांनी केली. तिच्यात थोडे तथ्यही होते. केमेनींनी १९८० नंतर बेसिकचे सुधारलेले रूप तयार केले.

१९७० ते १९८१ या काळात ते डार्टमथचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये तेथे मुलींना पदवीच्या वर्गात प्रवेश मिळू लागला. अध्यक्ष असतानाही केमेनी वर्गावर जाऊन गणित शिकवत. २६ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.