काहालच्या काळ्या रेषा

सान्तियागो रामोन इ काहाल याला खरे तर चित्रकार व्हायचे होते. १ मे १८५२ रोजी स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात तो जन्मला. वडील शल्यवैद्य, भलतेच कडक. उनाड पोराला त्यांनी न्हाव्याकडे ठेवले, चांभाराकडे ठेवले, आणि १८६८ च्या उन्हाळ्यात दफनभूमीतली हाडेच त्याच्यापुढे आणून टाकली. हाडांची चित्रे काढता काढता पोरगा शरीररचनेत रमला. बापाने चित्रकला मोडून काढली, असे वरवर दिसते. मला वाटते, त्याने तिला फक्त नवा विषय दिला.

१८७३ साली वैद्यकाची पदवी, मग लष्करी डॉक्टर म्हणून क्युबा, तिथला मलेरिया, परतल्यावर क्षय. सत्ताविशीच्या आत एवढे भोगून झाले होते.

१८८७ साली माद्रिदमध्ये लुईस सिमारो यांच्याकडे त्याने गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. या पद्धतीत चांदीचा क्षार मोजक्याच पेशींत शिरतो, पण ज्यांत शिरतो त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्या होतात. पद्धत लहरी होती. काहालने तीच क्रिया दोनदा केली, काप जाड घेतले, आणि प्रौढ मेंदूऐवजी भ्रूण व पिल्ले निवडली. त्यांच्या तंतूंवर मेदाचे वेष्टन अजून चढलेले नसते. १८८८ साली बार्सिलोनात त्याने पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. घरात मुलांचा गोतावळा असताना हा खर्च! मेंदू म्हणजे सलग जाळे नव्हे, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे आणि तंतूंची टोके एकमेकांत न मिसळता भिडतात, असे तो सांगत होता.

पण स्पॅनिश वाचतो कोण? १८८९ साली तो स्वखर्चाने बर्लिनच्या शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊ लागला. बुजुर्ग कोलिकर यांनी डोळा लावला आणि ते त्याचे पुरस्कर्ते झाले. गोल्जी मात्र बधला नाही. १९०६ चे नोबेल दोघांत विभागून मिळाले, तेव्हाही त्याने आपल्या व्याख्यानात हाच सिद्धान्त खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

पेशी सुट्या, तर त्या एकमेकींना शोधतात कशा, धरतात कशा? काहालला १८९० साली कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूच्या टोकाशी एक शंकू दिसला. रासायनिक ओढ त्याला वाट दाखवत असावी, असा तर्क त्याने पुढे मांडला.

माझे प्रयोगशाळेतले काम या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याशी, धरण्याशी, जोडलेले आहे. १९७० च्या दशकात जेरल्ड एडलमन यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातून चेतापेशींना चिकटवणारे एक प्रथिन वेगळे केले. ते पुढे ‘एन-कॅम’ म्हणून ओळखले गेले. माणसातले त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. विषाणूची पुनरुत्पादनाची जनुके काढून त्याजागी आम्ही हे जनुक बसवतो. असा विषाणू पेशीत शिरतो, जनुक पोचवतो, पण स्वतः वाढू शकत नाही. शेजारी रिकामा विषाणू दिलेल्या पेशी ठेवायच्या आणि पकडीतला फरक पाहायचा. गंमत अशी, की भ्रूणात याच प्रथिनावर साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि त्या पकड सैल ठेवतात. घट्ट धरले तर तंतू पुढे सरकणार कसा?

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल माद्रिदमध्ये वारला. दोन चेतापेशींमधली, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती १९५० च्या दशकात.